जुन्या जीपचे मागचे पाटे: नवे घ्यायचे की मूळचेच दुरुस्त करायचे?

गाडीचे वजन पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांना गॅरेजच्या भाषेत पाटे म्हणतात. कॉइल स्प्रिंग सर्रास होण्याआधी बहुतेक गाड्यांच्या मागच्या चाकांना पाटेच असत. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीला ते होते आणि १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या ब्रिटिश एमजीबी या स्पोर्ट्स कारलाही. नाशिककरांच्या ओळखीचे पाटे मात्र जीपचे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि १९८०च्या दशकात कंपनीचा नाशिकचा कारखाना उभा राहिला. बोलेरोच्या मागे तर आजही पाटेच असतात.

जुनी जीप पुन्हा मूळ रूपात आणायची म्हटले की मागचे पाटे बसलेले, म्हणजे कमान गेलेले दिसतात. मेकॅनिक नवा सेट सुचवतो. तोही चुकीचा नसतो, पण नव्या सेटची जाडी आणि कमान मूळच्यासारखी असेलच असे नाही. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा आला तर तो सुमारे दीडपटीहून अधिक कडक होतो. हा एक मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, कंबरेला मात्र कळतो.

आधी पाटे मोजा

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या रस्त्यांवर काळी-पिवळी म्हणून धावलेल्या किंवा शेतमाल वाहिलेल्या जीपला कधीतरी वाढीव पाटा टाकलेला असतो. त्यामुळे खोलल्यावर जे हाती येते ते 'मूळ' समजू नये. पाट्यांची संख्या, प्रत्येकाची लांबी आणि जाडी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावी. वाढीव पाटा काढणे हीच अनेकदा निम्मी दुरुस्ती असते.

खोलताना दोन गोष्टींत हयगय नको. पाटे एकमेकांवर दाबून बांधलेले असतात, म्हणून मधला सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी ते व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने घट्ट धरावेत. नाहीतर बोल्ट सुटताच ते उसळतात. क्रम कळावा म्हणून रंगाने खूण करावी, पंचाने नव्हे. पंचाचा खड्डा ही उद्याच्या तड्याची सुरुवात.

मग रॉकेल आणि तारेच्या ब्रशने गंज काढून तडे शोधायचे. वजन आले की पाटा सपाट होऊ पाहतो आणि त्याची खोलगट बाजू ताणली जाते, म्हणून ती बाजू आधी पाहावी. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि खालच्या पाट्याचे टोक जिथे घासते तिथे तडे जास्त सापडतात. डाय पेनेट्रंटचा फवारा मारला तर बारीक रेघही उमटते. तडा असलेला पाटा बाद. त्याला वेल्डिंग करून घेणारे भेटतात, पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ होते. मुख्य पाटा तुटला तर मागचा ॲक्सल जागेवरून सरकतो आणि कसारा घाटाच्या उतारावर तसे झाले तर गाडी सावरायला वेळ मिळत नाही.

कमान परत कशी येते?

दोन मार्ग आहेत. पहिला थंड: पाटा ठिय्यावर ठेवून थोड्या थोड्या अंतरावर ठोकत कमान वाढवणे. हात बसलेला कारागीर हे छान करतो आणि किंचित बसलेल्या पाट्यांना ते पुरते. दुसरा गरम: पाटा भट्टीत साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कमान द्यायची, तेलात बुडवून कडक करायचा आणि पुन्हा सुमारे ४०० ते ५०० अंशांवर तापवून ठिसूळपणा घालवायचा. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात तेच हे, फक्त मोजूनमापून. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंट करणारे आहेत. त्यांना पोलादाचा प्रकार सांगावा लागतो. गॅस कटरच्या ज्योतीने तापवून वाकवलेला पाटा मात्र दिसायला कमानदार असतो आणि काही महिन्यांत पुन्हा बसतो, कारण त्याचे पाणी उतरलेले असते.

कमान जुळली का हे पाहायला एका टोकाच्या गोल वळणापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणावी आणि मध्यभागी खोली मोजावी. डावा-उजवा सेट सारखा हवा, नाहीतर जीप एका अंगाला कलते.

जोडताना पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात पुरे. जाड थराला शेतरस्त्याची माती चिकटते. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत. विलिस पद्धतीच्या जुन्या शॅकलला आटे असतात, तिथे ग्रीस चुकवू नये. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत. जॅकवर असतानाच आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

साधारण ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून मागची उंची मोजावी. नव्याने कमान दिलेले पाटे सुरुवातीला थोडे बसतात. पुढेही उंची घटतच राहिली तर पाणी नीट चढलेले नाही असे समजून तो सेट परत भट्टीवाल्याकडे न्यावा.