उष्णतेतून शैत्य
उष्णता देऊन शैत्य निर्माण करावे ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु फ्रान्समधील फेर्दिनां कारे याने 1859 साली अमोनिया व पाणी यांच्या साहाय्याने बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेकडचा बर्फ बंद झाला तेव्हा नाकेबंदी चुकवून हीच यंत्रे दक्षिणेत पोहोचली. तथापि खरी प्रतिभा दिसते ती 1922 मध्ये स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या तजविजीत. बंदिस्त नळ्यांत हायड्रोजन भरून त्यांनी पंपाची गरजच नाहीशी केली: तापवलेला अमोनिया पाण्यातून मुक्त व्हावा, वर जाऊन निवावा, हायड्रोजनच्या सहवासात बाष्परूप होताना फ्रिजच्या कपाटातील उष्णता हरण करावी व पुन्हा पाण्यात विलीन व्हावा, असे हे चक्र निःशब्द चालते.

अमेरिकेतील आरव्ही, म्हणजे फिरत्या घरांच्या गाड्या, यांनी हाच फ्रिज पत्करला. रानात गॅसची ज्योत, विजेच्या मुक्कामी बॉयलरच्या नळीलगत कोशात बसवलेले बोटाएवढे हीटिंग एलिमेंट. 120 व्होल्ट, 325 वॅटच्या एलिमेंटचा रोध सुमारे 44 ओहम भरतो. मीटरने काहीच दाखवले नाही तर आतली तार तुटली असे समजावे. फ्रिज गॅसवर गार होतो व विजेवर होत नाही, एवढ्यावरून सबंध यंत्र मोडीत काढणे हा त्या कल्पक रचनेवर अन्याय होय. वीज व गॅस दोन्ही बंद करून, तुटलेल्याच्या जागी त्याच व्होल्ट-वॅटचे नवे एलिमेंट त्याच कोशात नीट बसवावे आणि भोवतीचे उष्णतारोधक आवरण पूर्ववत लावावे.