करुणाश्रम, वर्धा : सोडवलेल्या जनावरांची देखभाल

वर्ध्याजवळील पिपरी (मेघे) येथील ‘करुणाश्रम’ हे ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’च्या वर्धा शाखेचे प्राणी निवारा केंद्र आहे. अशा केंद्रात जखमी, बेवारस किंवा अवैध वाहतुकीतून सोडवलेली जनावरे येतात.

नवे जनावर आधी वेगळे बांधतात. लाळ्या-खुरकूत झपाट्याने पसरतो. म्हाताऱ्या बैलाचे दात झिजलेले असतात, म्हणून कडब्याची कुट्टी करून घालतात. गाय उठू शकत नसेल तर दर काही तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाखालचा पाय निकामी होतो.

2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण जनावर वाचवले की काम संपत नाही. दूध नाही, शेतकाम नाही, तरी वैरण-पाणी मरेपर्यंत रोज लागतेच.