लपलेली पाळी: दोन प्रश्न आणि दोन हजार वर्षं

आजचा इतिहास घरातून सुरू होतो. जिची गोष्ट आहे, तिला विचारूनच सांगतोय.

माझे मामा बोईसरला राहतात, तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जातात. त्यांची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या पोटात दुखायचं. कुणी ॲसिडिटी म्हणालं, कुणी जंत, कुणी मूतखडा. दोनदा तर मीच तिला बाईकवरून दवाखान्यात नेलं. एका रात्री तिला लघवीच होईना. पालघरला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला आणि मामांना बाहेर बसवलं आणि तिला दोनच प्रश्न विचारले. पाळी आली का? दर महिन्याला दुखतं का?

पाळी सुरू झाली होती, पण बाहेर येत नव्हती.

योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. एरवी त्याला जन्मतःच छिद्र असतं. क्वचित एखाद्या मुलीत ते नसतं. मग पाळीचं रक्त आतच साठत जातं. याला म्हणतात हिमॅटोकोल्पॉस. साठलेल्या रक्ताचा दाब मूत्रमार्गावर येतो आणि लघवी अडते. निदानाला बाहेरून तपासणी आणि सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरते. भूल देऊन छोटा छेद घेतला की रक्त मोकळं होतं. पुढे पाळी नेहमीसारखी येते, मुलंबाळं होऊ शकतात. अडथळा आणखी वर असेल, तर मात्र शस्त्रक्रिया मोठी होते.

आता इतिहास. हा आजार नवा नाही. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने असा बंद पडदा नोंदवलाय आणि उपायही लिहिलाय: इंग्रजी एक्स अक्षरासारखा छेद घ्या. आजही बऱ्याचदा तसाच फुलीचा छेद घेतात! आपल्याकडे चरकसंहितेत योनीचे वीस विकार सांगितलेत. त्यातल्या 'सूचीमुखी'त योनीचं तोंड सुईसारखं अरुंद असतं. हुबेहूब हाच आजार नव्हे, पण वाट अडते हे तेव्हाही कळलं होतं.

मग अडलं कुठे? विचारण्यात. पुरुष डॉक्टरला सांगायची लाज, आणि त्याच्याकडून तपासून घेणं तर दूरच. म्हणून १८८३ मध्ये एडिथ पीची या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं, बायकांसाठी, बायकांनी चालवलेलं. रखमाबाई तुम्हाला माहीत असतील: लहानपणी लावलेलं लग्न नाकारलं आणि १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा म्हटल्यावर, त्यापेक्षा तुरुंग बरा, असं ठणकावलं. पुढे त्या लंडनला शिकल्या, डॉक्टर झाल्या आणि १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

मुंबईहून सुरतेला जाणारी गाडी पालघर, बोईसरवरूनच जाते. या रुळांवरून मी रोज ऑफिसला जातो. बाईने बाईला मोकळेपणी विचारावं, यासाठी ही माणसं झटली. आणि सव्वाशे वर्षांनंतर आमच्या घरात तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

छेदाचं ऐकल्यावर मामींनी पहिलं विचारलं, "हिच्या लग्नाचं काय?" मॅडम म्हणाल्या, "वाट जन्मतः बंद होती, ती मोकळी करतोय. लग्नाचा काय संबंध?" मामींनी सही केली.

नंतर मी जुन्या चिठ्ठ्या काढल्या. चार होत्या. दोन तारखांमध्ये दर वेळी साधारण एका महिन्याचं अंतर. मी दिवसभर लॉग वाचून बग शोधतो, आणि घरातल्या चार तारखा मला दिसल्या नाहीत. मुलगा आहे ना, हा आपला विषय नाही, असं धरून बसलो होतो.

तर मंडळी, घरातली मुलगी वयात आलीय, पाळी आलेली नाही आणि पोट दर महिन्याला दुखतंय, तर थांबू नका. दुखत नसलं तरी पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. घरी काही टोचू-कापू नका, जंतुसंसर्ग होईल. बहीण आता कॉलेजला जाते. हा भाग तिने आधी ऐकला आणि म्हणाली, "तारखांचं नक्की ठेव."

ठेवलंय. भेटू पुढच्या भागात.