मोजपट्टीचे मराठी

मराठीतल्या भाषांतरांचा इतिहास सांगताना आपण शेक्सपिअरपासून निघतो, कादंबऱ्यांपाशी रेंगाळतो आणि कवितेच्या अनुवादावर वाद घालून थांबतो. या इतिहासात डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे नाव सहसा येत नाही. कामतांनी मुंबई इलाख्यातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने-श्रेणीचे केलेले रूपांतर १९३४ साली पुढे आले. ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे त्यांचे पुस्तक १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले, आणि १९६७ पर्यंत त्याची चौथी आवृत्ती निघाली. त्याचा वाचकवर्ग मानसशास्त्राचा, आमचा नव्हे. तरीही आम्हांस वाटते की हा भाषांतराचाच प्रश्न आहे, आणि त्यात चूक झाली तर तिचे मोल एखाद्या मुलाला मोजावे लागते.

मूळ संहिता फ्रेंच. वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, या कामासाठी आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमों यांच्यासह १९०५ मध्ये पहिली श्रेणी रचली आणि १९०८ व १९११ मध्ये ती सुधारली. हेच बिने आंद्रे द लोर्द यांच्याबरोबर पॅरिसच्या रंगभूमीसाठी भयनाटके लिहीत असत. (साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यांच्याविषयी जवळीक वाटावी, याला एवढे कारण पुरे.) बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी, हे मत त्यांना मान्य नव्हते, आणि १९०९ च्या पुस्तकात त्यांनी त्याचा स्पष्ट निषेध केला आहे. पुढे अमेरिकेत गॉडर्ड आणि टर्मन यांच्या हाती श्रेणी गेली, १९१६ मध्ये स्टॅनफर्ड आवृत्ती आली, आणि मदतीसाठी केलेल्या यादीचा मुलाच्या कपाळी मारायचा आकडा झाला.

बिनेंच्या १९०८ च्या श्रेणीत लहान मुलांना काही शब्दांचे अर्थ विचारले जात: काटा, टेबल, खुर्ची, घोडा, आई. यातला जेवणाचा काटा मराठीत जसाच्या तसा आणून पाहा. ‘काटा म्हणजे काय?’ या प्रश्नाला ‘पायात मोडतो तो’ हे उत्तर बरोबर, ‘घड्याळातला’ हेही बरोबर, आणि तराजू पाहिलेल्या मुलाचे उत्तर आणखी तिसरे. पॅरिसमधल्या मुलाच्या मनात जी वस्तू येते ती मात्र आपल्या बहुतेक घरांतल्या मुलाच्या मनात येणारच नाही. नाण्यांचे तेच. तिथे प्रश्न सूंचा, अमेरिकेत निकल-डाइमचा. आपल्याकडे तो आणे-पैशांतच विचारता आला असता, आणि १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आल्यावर तोही एका रात्रीत जुना झाला असता.

शब्द बदलणे हा या कामाचा सोपा भाग. श्रेणीतला प्रत्येक प्रश्न एका वयाला बांधलेला असतो, कारण त्या वयाच्या बहुसंख्य मुलांना तो येतो असे प्रत्यक्ष विचारून ठरवलेले असते. शब्द बदलला की प्रश्नाचे वय बदलते, म्हणून प्रत्येक प्रश्न पुन्हा मुलांपुढे ठेवून पाहावा लागतो. समीक्षकांना पटले की आपला अनुवाद तरतो. इथे कसोटी घेणारी मुलेच. शिवाय या अनुवादाला मुदत असते. पिढ्या बदलतात तसे सरासरी गुण वर चढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवले. म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल आहे त्याहून पुढचे दिसते, आणि ज्याला मदत हवी तेच नजरेतून सुटते. कामतांचे काम मोठे खरे, पण ते कितीएक दशके तसेच वापरात राहिले, याचा दोष त्यांच्याकडे कसा जाईल?

नागपूरला ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये सिद्ध केले. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे नागपुरी रूपही त्यांचेच. एडगर डॉल यांची ही मूळ श्रेणी १९३५ ची. तिची तऱ्हा निराळी: मुलाला कोडी न घालता मोठ्या माणसांना विचारायचे की ते हाताने जेवते का, कपडे घालते का, शेजारीपाजारी एकटे जाते का. अमेरिकन यादीत चाकांचे बूट आणि बर्फावरची घसरगाडी चालवणे हेही होते. ते गाळावे लागणारच. पण गाळलेल्या जागी काय यावे?

इथे आम्हांला शिनोली आठवते. घोडेगावाहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की आंबेगाव तालुक्यातले हे गाव लागते. पुढे डिंभे धरण, आणि त्याच्या वरच्या अंगाला महादेव कोळ्यांच्या वाड्या. तिकडचे आठ-नऊ वर्षांचे मूल शेळ्या वळते, मोजून घरी आणते, मोसमात हिरडा गोळा करते. स्वावलंबनाच्या यादीत या कामांना घर नाही. उलट, ज्या मुलाला शेळ्यांमागे धाडण्याची आईची छाती होत नाही, त्याच्याविषयी तिला काय कळले आहे तेही त्या यादीत उतरत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे अशी योजना आहे. मात्र सविस्तर तपासणीसाठी बहुधा पुण्याची वाट धरावी लागते, सुमारे सत्तर किलोमीटर. शहरातल्या खोलीत अनोळखी माणसापुढे बसलेले मूल गप्प राहिले, तर ते भाषेमुळे, भीतीमुळे की आणखी कशाने, हे तासाभरात ठरवायचे असते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत आपली स्थिती बरी आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या मुलांवर आधारलेली प्रमाणके १९७० मध्ये दिली, आणि त्यांची सुधारित श्रेणी १९९७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाली. तीस महिन्यांपर्यंतची बाळे, आणि बहुतेक काम खुळखुळा, ठोकळे, बसणे, उभे राहणे यांचे.

खरी अडचण ऑटिझमपाशी येते. मराठीने त्याला ‘स्वमग्नता’ म्हटले. हा शब्द आमच्या ओळखीचा, कारण आत्मपर कवीला ‘स्वमग्न’ म्हणून आम्हीच नावाजले आणि हिणवलेही. त्यात एक रमणे आहे, स्वेच्छा आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णिलेल्या मुलांच्या वाट्याला ती स्वेच्छा नव्हती. मूल आपणहून आत बसले आहे, हाक मारली की बाहेर येईल, असा भ्रम हा शब्द आई-बापांच्या मनात पेरतो. म्हणून आम्ही ऑटिझम हाच शब्द पत्करतो.

कॅनर यांनीच आणखी एक गोष्ट टिपली: ही मुले सर्वनामे उलटी वापरतात, स्वतःला ‘तू’ म्हणतात, कारण ऐकलेले वाक्य ती तसेच परत देतात. भारतीय ऑटिझम मूल्यांकन श्रेणी (आयसा) २००९ ची. तिच्या चाळीस बाबींत ही एक आहे. इंग्रजीत सर्वनाम लपत नाही. मराठीत ते वाक्यातून सहज गळते, आणि पुरुष-लिंगाची खूण क्रियापदावर उरते. आईचे ‘येते हं’ हे वाक्य मुलगा ‘येते हं’ असेच परत देतो, तेव्हा सर्वनाम उलटलेले नसते, ते मुळी नसतेच. उलटलेले असते ते क्रियापदाचे लिंग. ‘भूक लागली?’ हा प्रश्न ‘भूक लागली’ असा परत आला, तर ती ऐकलेल्याची पुनरुक्ती की सरळ मागणी, हे फक्त सुरावरून कळेल. त्यातही घरात बायकांतच वाढणारा लहानगा काही काळ ‘मी जाते’ म्हणतोच, आणि त्यात काही बिघडलेले नसते. हे बारकावे व्याकरण शिकवणाऱ्याला ठाऊक असतात. तपासणाऱ्याला ते कोणी सांगितले आहेत का, याची विचारपूस आम्हा मंडळींकडून अजून झालेली नाही.

आयसाच्या प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण मिळतात. एकूण सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. सत्तरला चाळीस टक्के अपंगत्व, आणि २०१६ च्या कायद्याप्रमाणे आरक्षणासारख्या सवलतींचा दरवाजा चाळीस टक्क्यांनाच उघडतो. एकोणसत्तर आणि सत्तर यांत अंतर एका गुणाचे. तो ‘येते’तल्या एका मात्रेवरूनही पडू शकतो.