कलिंगडावरील मोझॅइक विषाणू : एका नामकरणाचा इतिहास

विषाणूस त्याच्या आश्रयवनस्पतीचे नाव देण्याचा प्रघात सोयीचा खरा. परंतु त्याने अभ्यासकांची अनेकदा दिशाभूल केली आहे. कलिंगडावरील मोझॅइक रोगाचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

कलिंगड, काकडी, भोपळा यांची पाने चितकबरी व फळे विद्रूप करणारा हा रोग मावा किडीमार्फत पसरतो. त्यास कारणीभूत होणारे विषाणू दोन आहेत, असे वेब व स्कॉट या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रतिपादिले व त्यांस पहिला आणि दुसरा असे क्रमांक दिले. केवळ कलिंगडाच्या पानांवरील लक्षणे पाहून हा भेद करणे कठीण होते. निर्णायक ठरला तो दोडका. पहिला विषाणू त्यावर वाढतो, दुसरा वाढत नाही. उलट दुसरा वाटाण्यासारख्या परकुलातील वनस्पतींवरही आढळतो. तथापि क्रमांकांमुळे हे दोघे सख्खे भाऊ असावेत, असा समज साहजिकच रूढ झाला.

त्याची पारख रक्तरसाने झाली. विषाणू सशास टोचला असता सशाच्या रक्तरसात त्या विषाणूस ओळखणारी प्रतिपिंडे निर्माण होतात. हा रक्तरस व रोगट पानांचा रस अगारच्या थरातील शेजारच्या खळग्यांत घातल्यास, जेथे दोहोंची गाठ पडते तेथे पांढरी रेघ उमटते. अडचण एवढीच की, हे विषाणू सुमारे ७५० नॅनोमीटर लांबीचे लवचिक तंतू असल्याने अगारमधून सरकत नाहीत. म्हणून प्रक्षालक मिसळून त्यांचे विघटन करावे लागे. या रीतीने फ्लॉरिडा विद्यापीठातील पर्सिफुल व हीबर्ट यांनी केलेल्या परीक्षांचे निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाले, आणि ते अनपेक्षित होते. पहिल्या विषाणूचे दुसऱ्याशी नाते दिसेना; मात्र जेन्सन यांनी हवाईत १९४९ साली वर्णिलेल्या, पपईवर वलये उठविणाऱ्या विषाणूपासून तो निराळा काढता येईना!

रक्तरस दोघांस एक म्हणत होता; पपईचे झाड तसे म्हणत नव्हते, कारण कलिंगडावरील हा विषाणू पपईस लागत नाही. दोन्ही साक्षी ग्राह्य मानून विषाणू एक, पण प्रकार दोन, अशी तोड काढण्यात आली : पपईचा 'पी' व कलिंगडाचा 'डब्ल्यू'. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शब्दच्छल नव्हे. 'पी' प्रकार भोपळ्याच्या वेलावरही जगतो, म्हणून पपईच्या बागेलगतचा तसा वेल धोक्याचा; 'डब्ल्यू' असलेल्या वेलापासून मात्र पपईस भय नाही.

पहिला विषाणू अशा रीतीने पपईच्या नावाखाली गेल्यावर दुसऱ्याच्या क्रमांकास अर्थ उरला नाही. आज त्यास नुसते कलिंगड-मोझॅइक विषाणू म्हणतात.