जुन्या घरात मुक्कामी कलावर्ग : सुरू करण्याआधी काय माहीत हवं

गावातलं जुनं कौलारू घर दुरुस्त करायचं, तिथे सात-आठ पाहुणे ठेवायचे आणि तीन-चार दिवस त्यांना एखादी कला शिकवायची. या व्यवसायाची चौकशी आपल्याकडे बरेच जण करतात. नेहमीच्या होमस्टेपेक्षा हा धंदा वेगळा आहे. होमस्टेचा पाहुणा एक रात्र झोपतो, मासे खातो आणि सकाळी किनाऱ्याकडे निघतो. शिकायला आलेला पाहुणा मात्र एकाच घरात तीन-चार रात्री राहतो आणि त्याला समुद्र लागत नाही. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण पाहुण्यांचा ओढा बहुतेक किनारपट्टीकडेच राहिला. आतल्या गावांना यात खरी संधी आहे ती म्हणूनच.

इंग्लंडमध्ये हे जुनं आहे. आर्व्हन नावाची संस्था 1968 पासून लेखनाचे मुक्कामी वर्ग घेते. डेव्हन परगण्यात टॉटली बार्टन नावाचं गवताने शाकारलेलं जुनं घर आहे, तिथे लोक जवळपास आठवडाभर राहून लिहायला शिकतात. संध्याकाळचं जेवण शिकायला आलेलेच पाळीपाळीने बनवतात, भांडीही घासतात. आपल्याकडे पाहुण्याला भांडी घासायला सांगायची कोणाची हिंमत होणार नाही, पण भाकरी थापायला बसवा, आनंदाने बसतो.

आपल्या जिल्ह्यात शिकवण्यासारखं काय आहे, ते शोधायला लांब जावं लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून गात गोष्ट सांगायची. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ याच समाजाकडे आहे. परशुराम गंगावणे यांनी तिथे आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. त्यांना 2021 ची पद्मश्री मिळाली. नवी इमारत बांधल्याशिवाय काही होत नाही म्हणणाऱ्यांनी तो गोठा एकदा बघून यावा. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा आहे. दशावतारी गंजिफ्याचा संच 120 गोल पानांचा असतो, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तीन दिवसांत पाहुण्याचं एखादं पान रंगवून होतं, ते तो घरी नेतो. चित्रकथी काही तीन दिवसांत येत नाही, तसं जाहिरातीत लिहूही नये. एक चेहरा, एक आकृती, रंग कसे लावायचे आणि रात्री खळ्यात प्रत्यक्ष गोष्ट ऐकणं, एवढं पुरतं.

आता घर. कोकणात पहिली अडचण वाळवीची नसते, हिस्सेदारांची असते. घर आजोबांच्या नावावर, चुलते मुंबईला, एक आत्या बडोद्याला. दुरुस्तीचा पहिला रुपया घालण्याआधी ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढा आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. घर पडत होतं तोवर कोणी फिरकत नाही. पाहुणे यायला लागले की सगळ्यांना घर आठवतं.

दुरुस्ती करताना मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. ओल आत कोंडते आणि दोन पावसांत पोपडे सुटतात. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्या. जांभ्याची भिंत चांगली असेल तर तशीच उघडी राहू द्या. आढं, वासे ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढंच लाकूड बदला. कौलं काढून पत्रा घातला की घर तापतं आणि पाहुणा ज्यासाठी आला तेच जातं. संडास-बाथरूम मात्र नवीन, स्वच्छ आणि परसदारी वेगळं बांधा, जुन्या मातीच्या भिंतीला चिकटवून नको. शोषखड्डा विहिरीपासून किमान 50 फूट लांब. वायरिंग सगळी नवी करा. वर्गाला पडवी उत्तम, उजेड भरपूर आणि वारा खेळता.

कागदपत्रांत राज्याचं कृषी पर्यटन धोरण पाहा. ते 2020 मध्ये मंजूर झालं, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. शेती नसेल तर निवास व न्याहारी योजना आहे. जेवण देणार म्हणजे अन्न नोंदणी हवी. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, हे बरेच जण विसरतात.

हिशोब समजण्यापुरता मांडतो, आकडे आपल्या गावाप्रमाणे बदला. आठ पाहुणे, तीन रात्री, माणशी 9,000 म्हणजे 72,000 जमा. दोन कलाकारांचं मानधन 20,000, जेवणखाण 12,000, रंग-कागद 3,200, मदतनीस आणि धुणं 6,000, वीज-प्रवास 3,000. खर्च 44,200, उरले 27,800. यातूनच घराची डागडुजी आणि बँकेचा हप्ता. ऑनलाइन बुकिंगवाल्यांचं कमिशन यात धरलेलं नाही.

यातला मानधनाचा आकडा सगळ्यात आधी कापला जातो. 'तुमची चित्रं विकली जातील की' असं सांगून कलाकाराला फुकट बसवणारे आहेत. पाहुणा खाटेसाठी येत नाही, त्या माणसाच्या हातासाठी येतो. म्हणून मानधन आधी ठरवा, कागदावर लिहा आणि वर्ग संपल्याच्या दिवशी द्या. पाहुणे कमी आले तरी ठरलेली रक्कम द्यायची. विकलेल्या चित्राचे पैसे पूर्ण त्यांचे. पाहुण्यांनी शूटिंग करून टाकायचं असेल तर कलाकाराला विचारूनच.

वर्गाचे दिवस ऑक्टोबर ते मे एवढेच धरा. गणपतीत घर आपल्याच माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा बुकिंग घेऊ नका. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, त्या बेताने वर्ग ठेवला तर रात्रीचा दशावतार पाहुण्यांना आयताच मिळतो. शेवटचा वर्ग मेच्या दुसऱ्या आठवड्यात उरका, कारण त्यानंतर कौलं परतायला माणसं मिळत नाहीत.