दुःषमा काळातील नायक : वीरांगज मुनींची कथा आणि डिस्टोपियन कथनातील नायकप्रवास

जोसेफ कॅम्पबेल यांचा 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस' हा ग्रंथ आणि जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी एकाच वर्षी, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झाली. कॅम्पबेल यांनी जगभरच्या पुराणकथांतून प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन असा त्रिपदी नायकप्रवास मांडला. नायक काही मौलिक प्राप्त करून परततो व ते समाजाच्या स्वाधीन करतो. ऑर्वेल यांचा विन्स्टन स्मिथ मात्र परततो तो मोडून, सत्तेवर प्रेम करावयास शिकून. झाम्यातिन यांच्या 'वुई' या कादंबरीतील नायकाची कल्पनाशक्तीच शस्त्रक्रियेने काढून टाकली जाते. अशा कथनांविषयी 'नायकाचे अपयश' ही संज्ञा समीक्षेत सर्रास वापरली जाते. ती कितपत सार्थ आहे, हे पाहण्यासाठी मराठवाड्याच्या भूमीत रुजलेल्या एका जुन्या परंपरेचा आधार घेता येतो.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव दिगंबर जैन अतिशयक्षेत्र म्हणून ओळखले जाते. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे येथील मूलनायक. मंदिरातील प्रमुख मूर्तीला 'नायक' म्हणणारी ही परिभाषा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मल्लिनाथांचे चरित्र गुणभद्रांच्या 'उत्तरपुराणा'त येते. हा ग्रंथ नवव्या शतकातील राष्ट्रकूट राजवटीत रचला गेला आणि मराठवाड्याचा प्रदेशही त्या राजवटीखाली होता. या चरित्रानुसार स्वतःच्या विवाहासाठी शृंगारलेली मिथिला नगरी पाहून राजपुत्र मल्लींना पूर्वजन्माचे स्मरण होते व ते गृहत्याग करतात. पुढे केवलज्ञान, समवसरणातील उपदेश आणि सम्मेदशिखरावर निर्वाण. कॅम्पबेल यांचे तिन्ही टप्पे येथे जसेच्या तसे सापडतात.

परंतु याच परंपरेने त्या आकृतिबंधाला काळाची मर्यादा घातली आहे. जैन कालगणनेत सध्याचे चक्र अवसर्पिणीचे, म्हणजे उतरणीचे आहे. त्यातील पाचवा काळ दुःषमा व सहावा दुःषमा-दुःषमा. प्रत्येकाची लांबी २१,००० वर्षे. या दोन्ही काळांत तीर्थंकर होत नाहीत. (संस्कृत 'दुस्' आणि 'डिस्टोपिया'तील ग्रीक 'डिस' हे उपसर्ग भाषाशास्त्रदृष्ट्या सगोत्र आहेत, हा योगायोग नव्हे, मात्र त्यावरून कल्पनांचे देवाणघेवाण-संबंध सिद्ध होत नाहीत.)

पाचव्या काळाच्या अखेरीची कथा 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत ग्रंथात आहे. दर हजार वर्षांनी एक याप्रमाणे एकवीस कल्की राजे होतात. शेवटचा राजा मंत्र्यांना विचारतो, आपल्या सत्तेबाहेर कोणी उरले आहे काय? उत्तर मिळते, एक निर्ग्रंथ मुनी उरला आहे. वीरांगज नावाचा हा मुनी ओंजळीत मिळेल ते भोजन घेतो. भांडेही बाळगत नाही. राजा आज्ञा करतो, त्याच्या आहारातील पहिला घास कर म्हणून घ्यावा. ज्याच्याजवळ घेण्यासारखे काहीच नाही, त्याच्या तळहातापर्यंत राज्यसंस्था पोहोचते. एकाधिकारशाहीचे इतके नेमके चित्र आधुनिक कादंबऱ्यांतही विरळच. मुनी घास देऊन टाकतात, आहार न घेता परततात आणि काळाचा अंत जवळ आल्याचे जाणून सर्वश्री आर्यिका व अखेरचे श्रावक-श्राविका यांच्यासह सल्लेखना स्वीकारतात. त्याच दिवशी राजाचा वध होतो आणि अग्नी नाहीसा होतो.

कल्कीच्या कथेकडे इतिहासाचे साधन म्हणूनही पाहिले गेले आहे. जैन साधनांच्या आधारे प्राच्यविद्यापंडित का. बा. पाठक यांनी कल्की म्हणजे हूण राजा मिहिरकुल, असे प्रतिपादन केले. हे समीकरण वादग्रस्त राहिले. तथापि एक हूण राजा शोधून काढल्याने एकवीस कल्कींचा उलगडा होत नाही. पुनरावृत्ती हाच तेथे मुद्दा आहे: जुलूम हा अपवाद न राहता काळाचा स्वभाव बनतो.

वीरांगजांचा प्रवास कॅम्पबेल यांच्या चौकटीत बसवू पाहिल्यास प्रस्थान आणि दीक्षा सापडतात, पुनरागमन सापडत नाही. त्याचे कारण नायकाच्या उणिवेत शोधणे चुकीचे ठरेल. ज्या समाजाकडे परतायचे, तो चौघांपुरता उरला आहे. विन्स्टनशी तुलना येथेच संपते. विन्स्टनकडून अंतःकरण हिरावले जाते. वीरांगजांकडून फक्त घास. 'अपयश' ही एकच संज्ञा या दोघांना लावणारी समीक्षा दोन भिन्न गोष्टी एकत्र करते.

मराठीत नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी या संदर्भात महत्त्वाची. तिला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला होता. लेखकाने तो नाकारला. पाळत आणि उद्योगसमूहांचे वर्चस्व यांनी व्यापलेले भविष्य ती एका नायकाऐवजी अनेक पात्रांच्या समांतर सूत्रांतून उभे करते. तिच्यात नायकप्रवास शोधणाऱ्यास निराशा येईल, आणि ती तशी यावी अशीच तिची रचना आहे.

सहाव्या काळात घर, वस्त्र व अग्नी नसतो. त्याच्या शेवटी एकोणपन्नास दिवसांची प्रलयवृष्टी होते आणि काही थोडी जोडपी गुहांत तग धरतात. चढणीचे चक्र पुन्हा त्यांच्यापासून सुरू होते. ग्रंथकारांनी त्यांची नावे दिलेली नाहीत.